सायकलचं हब घरी बदलायला शिका: दुरुस्तीच्या धंद्यातला पहिला मोठा धडा



सायकल दुरुस्तीवरच्या आपल्या व्हिडिओमध्ये हात दिसतात, पाना दिसतो, चाक फिरताना दिसतं. पण मापं, क्रम आणि हिशोब व्हिडिओत घाईने निघून जातात. म्हणून हा लेख. मोबाइल बाजूला ठेवून, शेजारी एक जुनं चाक घेऊन वाचा.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यात पंक्चर काढणारे भरपूर आहेत. ब्रेक टाइट करून देणारे, चेन बसवून देणारे आहेत. पण हब गेलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, "अख्खं चाक बदलावं लागेल." मग पालक म्हणतात, "बघू पगार झाल्यावर." आणि सायकल पडवीत भिंतीला टेकून उभी राहते. शाळेत जाणारी मुलगी तीन-चार किलोमीटर चालत जायला लागते, नाहीतर एसटीची वाट बघते. सरकारी योजनांतून मुलींना सायकली मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण सायकल मिळाल्यावर दोन पावसाळ्यांनी तिचं चाक कोण नीट करणार? धंद्याची जागा नेमकी इथे आहे.

हब बदलणं अवघड काम नाही, सावकाश करायचं काम आहे. ज्याला हे जमतं, तो 'पंक्चरवाला' राहत नाही, 'मिस्त्री' होतो. पण धंदा म्हणून हे परवडतं का, कधी परवडतं, हेही बघायला हवं. आज दोन्ही बघू.

हब करतं काय?

चाकाच्या मधला गोल नळकांडीसारखा भाग म्हणजे हब. त्याच्या दोन्ही टोकांना भोकं असलेल्या दोन चकत्या असतात, त्यांना फ्लँज म्हणतात. या भोकांतून तारा, म्हणजे स्पोक, निघतात आणि रिमला जातात. हबच्या पोटात एक्सल असतो. एक्सल फिरत नाही, तो फ्रेमला नटने घट्ट असतो. हब त्याच्याभोवती फिरतं. मधे छर्रे असतात. छर्रे बाहेरच्या बाजूला हबच्या वाटीत आणि आतल्या बाजूला एक्सलवरच्या कोनवर धावतात. वाटी, छर्रे, कोन आणि ग्रीस. एवढ्या चार गोष्टींवर चाकाचं सुख अवलंबून आहे.

आता तारांचं बघा. तारा वजन ढकलत नाहीत, ओढून धरतात. सगळ्या तारा सगळ्या बाजूंनी सारख्या ताणलेल्या असतात म्हणून एवढ्या बारीक तारांवर माणूस, दप्तर आणि वर तांदळाचं पोतंही चालतं. त्या हबमधून सरळ न निघता तिरक्या निघतात, एकमेकींना छेदतात. पेडल मारल्यावर हबचा पीळ रिमपर्यंत पोचावा म्हणून ही रचना. इंग्लंडच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये तिरक्या तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. म्हणजे तुम्ही शिकताय ती विद्या दीडशे वर्षं टिकलेली आहे.

आधी निदान: हब खरंच गेलंय का?

"चाक आवाज करतंय" म्हणून आलेल्या प्रत्येक सायकलचं हब गेलेलं नसतं. बऱ्याचदा कोन आणि छर्रे बदलून काम होतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी एवढं तपासा.

१. सायकल उलटी करा, रिम धरून चाक डावीकडे-उजवीकडे हलवा. खडखड हललं तर कोन ढिला आहे. आधी कोन टाइट करून बघा.

२. चाक फिरवा आणि हात फ्रेमवर ठेवा. दळल्यासारखी थरथर जाणवली तर छर्रे किंवा कोन खराब आहेत. उघडून कोन पुसा. त्यावर खड्डे दिसले तर कोन आणि छर्रे दोन्ही बदला.

३. एक्सल काढून काचेवर किंवा गुळगुळीत लादीवर लोळवा. उड्या मारत लोळला तर वाकलाय. फक्त एक्सल बदला.

४. पेडल मारलं की रिकामं फिरतंय? तर दोष फ्रीव्हीलचा असू शकतो. आपल्याकडे त्याला फ्रायव्हील म्हणतात. त्याच्या आतले 'कुत्रे' अडकलेत किंवा झिजलेत. यात हबचा काही संबंध नाही.

५. आता हबची खरी दुखणी. वाटीत खड्डे पडलेत. वाटी हबमध्ये सैल होऊन फिरतेय. फ्लँजला तडा गेलाय. ताराची भोकं ओढली जाऊन लांबट झालीत. किंवा फ्रायव्हील ज्या आट्यांवर बसतं त्या आट्या गेल्यात. यातलं एकही असेल तर हब बदला.

निदान करताना कस्टमरला शेजारी उभं करा. खड्डे पडलेला कोन त्याच्या तळहातावर ठेवा आणि सांगा, "काका, हे बघा, इथे नख अडकतंय." जाहिरातीवर कितीही पैसे घातले तरी याच्याएवढा विश्वास मिळत नाही.

नवीन हब घेताना

कल्याणला किंवा तालुक्याच्या दुकानात जाण्याआधी घरी मापं घ्या. परत फेरी मारावी लागली तर भाडं आणि अर्धा दिवस गेलाच.

भोकं मोजा. जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलला पुढच्या चाकात ३२ आणि मागच्यात ४० तारा असतात. नवीन ढंगाच्या बऱ्याच सायकलींत दोन्हीकडे ३६ दिसतात. अंदाज करू नका, मोजा. रिमला जितकी भोकं, तितक्याच भोकांचं हब.

फ्लँजचं माप घ्या. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत. नवीन हबचं माप एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे असेल तर जुन्याच तारा चालतात. फरक मोठा असेल तर तारांची लांबी बदलेल.

रुंदी बघा. एक्सलवरच्या दोन्ही लॉकनटच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर. हे फ्रेमच्या किंवा फोर्कच्या मधल्या जागेशी जुळलं पाहिजे.

तारा बघा. गंजल्या असतील, आट्या खराब असतील तर सगळ्या नव्या घ्या. माप म्हणून एक जुनी तार आणि निपल सोबत न्या.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. हब रिमच्या साइझवर ठरत नाही. २० इंची सायकल असो, २६ ची असो की २८ ची, भोकं आणि रुंदी जुळली की तेच हब चालतं. साइझप्रमाणे बदलते ती तारांची लांबी. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे हिशोबात हीच कामाला येणार आहे.

जुनी सायकल कोणत्या कंपनीची आहे याचीही फार चिंता नको. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनालाच, बंद पडला. पण गावोगावच्या जुन्या अ‍ॅटलास अजून चालतात. कारण काळ्या सायकलींचे भाग ठरलेल्या मापांचे असतात आणि लुधियानाहून येणारा माल त्यांना बसतो.

आणि बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. बिलावर कोणता दर लावलाय ते बघायची सवय लावा.

सामान

पान्यांचा सेट, दोन पातळ कोन पाने, निपल पाना, स्क्रू ड्रायव्हर, टायर उतरवायचे लिव्हर, फ्रायव्हीलचा ओपनर, कानस, ग्रीस, थोडं रॉकेल, फडकं, खडू आणि दोरा. वाइस असेल तर उत्तम. छर्रे ठेवायला स्टीलची वाटी किंवा ताटली. ओपनर घेताना फ्रायव्हीलच्या तोंडावरच्या खाचा बघून घ्या, सगळ्यांना एकच ओपनर बसत नाही.

पहिलं चाक कस्टमरचं नको, घरातलंही नको. भंगारवाल्याकडून पुढचं एक जुनं चाक घ्या. पुढच्या चाकाला चेन नाही, फ्रायव्हील नाही, तारा कमी. ते दोनदा खोलून दोनदा भरा. मग मागच्या चाकाला हात लावा. गिअरच्या सायकलचं मागचं चाक तर अगदी शेवटी. त्यात दोन्ही बाजूंचा ताण वेगळा असतो.

खोलणे

१. फोटो काढा. दोन्ही बाजूंनी, हबच्या जवळून आणि व्हॉल्व्हच्या भोकाजवळून. एक तार दुसऱ्या किती तारांना छेदते ते मोजून लिहा. तीन असतील तर तीन, चार असतील तर चार. नवीन हबवरही तेवढेच छेद ठेवायचे.

२. मागचं चाक काढताना कॅरिअर, मडगार्ड, स्टँड असं बरंच काही त्याच एक्सलवर असतं. काढाल त्या क्रमाने वायसर आणि नट जमिनीवर ओळीत ठेवा. बसवताना उलट्या क्रमाने उचलायचे.

३. टायर, ट्यूब, रिमची पट्टी उतरवा.

४. फ्रायव्हील आत्ताच काढा. तारा सोडल्यावर नाही. ते सोडवायला जोर लागतो आणि तो जोर आपण अख्खं चाक धरून लावतो. ओपनर वाइसमध्ये पकडा, चाक त्यावर बसवा आणि स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. तारा काढून टाकल्या तर हातात नुसतं हब राहतं, आणि मग धरायचं कशाला?

५. आता निपल सैल करा. व्हॉल्व्हपासून सुरू करून प्रत्येक निपल अर्धा फेरा. पूर्ण चक्कर झाली की पुन्हा अर्धा. एका बाजूच्या तारा पूर्ण सोडल्या आणि दुसऱ्या ताणलेल्या राहिल्या तर रिम वाकते. ताणलेल्या तारा पकडीने तोडू नका, तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

६. रिम मोकळी झाली की तीही तपासा. निपलच्या भोकाभोवती तडे असतील किंवा गंजाने आरपार खाल्ली असेल तर तिच्यावर नवं हब भरू नका. अशा वेळी पूर्ण चाकच बदलावं, आणि ते कस्टमरला स्पष्ट सांगावं.

चाक भरणे

हा भाग दोनदा वाचा. एकदा नुसता, एकदा चाक मांडीवर घेऊन.

चाकात तारांचे चार गट असतात. उजव्या फ्लँजचे दोन, डाव्याचे दोन. प्रत्येक फ्लँजमध्ये एक सोडून एक भोकात तारेचं डोकं बाहेर आणि मधल्या भोकांत डोकं आत, अशी रचना. रिमची भोकंही एकाआड एक थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे सरकलेली असतात. उजव्या फ्लँजची तार उजव्या भोकात, डाव्याची डाव्या भोकात. हा नियम मोडायचा नाही.

पहिला गट. उजवा, म्हणजे फ्रायव्हीलकडचा फ्लँज वर करा. पुढचं चाक असेल तर कोणतीही एक बाजू 'उजवी' ठरवा. एक भोक सोडून एक असं, बाहेरून आत तारा टाका. पहिल्या तारेला लाल दोरा बांधा. ती रिममध्ये व्हॉल्व्हच्या शेजारच्या उजव्या भोकात लावा. पुढची तार तिथून चौथ्या भोकात. मग पुन्हा चौथ्या. निपल फक्त दोन-तीन फेरे. ४० चं चाक असेल तर या गटात १० तारा, ३६ चं असेल तर ९ आणि ३२ चं असेल तर ८.

दुसरा गट. डाव्या फ्लँजचा. दोन्ही फ्लँजची भोकं समोरासमोर नसतात. लाल दोऱ्याच्या तारेच्या भोकातून एक तार सरळ आडवी पलीकडे नेलीत तर ती डाव्या फ्लँजच्या दोन भोकांच्या मधे टेकेल. त्यातलं एक भोक निवडायचं. कोणतं? लाल तारेच्या शेजारचं, व्हॉल्व्ह नसलेल्या बाजूचं रिमचं भोक धरा. ते लाल तारेच्या ज्या बाजूला आहे, त्याच बाजूचं हबचं भोक घ्या. म्हणजे या दोन तारा शेजारी-शेजारी जातात, एकमेकींना कापत नाहीत. तारेचं डोकं इथेही बाहेरच. मग पुन्हा हबवर एक सोडून एक, रिमवर चौथं चौथं.

हबला पीळ. आता चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरतं, त्या दिशेने हब हाताने जमेल तेवढं फिरवा. सगळ्या तारा तिरक्या होतील. निपल रिमच्या बाहेर सरकले असतील तर आत ओढून घ्या.

तिसरा गट. उजव्या फ्लँजच्या उरलेल्या भोकांत तारा आतून बाहेर टाका, म्हणजे डोकं आतल्या बाजूला राहील. ही तार आधीच्या तारांच्या उलट दिशेने न्या. तीन छेदांचं चाक असेल तर पहिल्या दोन तारांच्या बाहेरून आणि तिसरीच्या आतून. चार छेदांचं असेल तर तिघींच्या बाहेरून, चौथीच्या आतून. टोपली विणताना कांब वर-खाली घेतात ना, तसंच. मग समोर जे उजव्या बाजूचं मोकळं भोक येईल त्यात लावा. तार लांबीला पुरत नसेल किंवा लांबच लांब उरत असेल, तर छेद मोजण्यात गडबड झालीये. जोर लावू नका, मोजणी पुन्हा करा.

चौथा गट. हेच डाव्या बाजूला.

शेवटी फोटो काढा आणि जुन्या फोटोशी जुळवा. व्हॉल्व्हजवळ पंपाचं तोंड जाईल एवढी मोकळी जागा आहे ना, तेही बघा.

आउट काढणे

चाक भरलं म्हणजे अर्धं काम झालं. आता ते सरळ करायचं.

आधी निपल फिरवायची दिशा. टायरच्या बाजूने, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर लावून फिरवताना, उजवीकडे फिरवलं की टाइट. पण निपल पान्याने फिरवताना आपण बऱ्याचदा हबच्या बाजूने बघत असतो. तिथून तेच डावीकडे दिसतं. नवशिक्यांची निम्मी चाकं इथेच वाकडी होतात.

सगळे निपल तारेच्या आट्या झाकतील इथपर्यंत सारखे आणा. मग व्हॉल्व्हपासून अर्धा-अर्धा फेरा. तारा जरा ताठ झाल्या की पाव-पाव फेरा.

चाक सायकलवर चढवा, सायकल उलटी उभी करा. फ्रेमला रिमजवळ एक काडी बांधा, तिच्या टोकाला खडू. चाक फिरवलं की रिम जिथे बाहेर येते तिथे खडू लागतो. रिम उजवीकडे गेली असेल तर त्या भागातल्या डाव्या तारा पाव फेरा टाइट, उजव्या पाव फेरा सैल. एकाच तारेच्या मागे लागू नका, तीन-चार तारांत वाटून द्या. रिम वर-खाली उडत असेल तर उंच भागातल्या दोन्ही बाजूंच्या तारा सारख्या टाइट करा. चाक उलटसुलट करून बघा, रिम फ्रेमच्या मधोमध येते का.

मग दोन-दोन समांतर तारा मुठीत धरून चाकभर दाबा. टकटक आवाज येईल, तारा आपापल्या जागी बसतील. पुन्हा आउट बघा. तार बोटाने छेडा. एका बाजूच्या सगळ्या तारा साधारण एकाच सुरात वाजल्या पाहिजेत. एखादी ढप वाजली तर ती सैल आहे.

शेवटी रिमच्या आत निपलच्या वर आलेली तारेची टोकं कानसीने घासा आणि पट्टी नीट बसवा. हे राहिलं तर ट्यूब पंक्चर होणारच.

ग्रीस आणि कोन

हे काम आधी केलं तरी चालतं. नवीन हब आहे म्हणून ग्रीस असेलच असं धरू नका, उघडून बघा. साधारणपणे मागच्या हबमध्ये पाव इंची छर्रे एका बाजूला ९ आणि पुढच्यात ३/१६ इंची १० असतात. तरीही उघडताना मोजाच. वाटीत ग्रीस भरा, छर्रे त्यात चिकटवा, एक्सल घाला, कोन हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग किंचित मागे घ्या. कोन एका पान्याने धरून लॉकनट दुसऱ्याने आवळा. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि हलवलं तर खडखडता कामा नये. लॉकनट आवळताना कोन थोडा सरकतो, त्यामुळे दोन-तीनदा करावं लागतं.

सायकल देण्याआधी स्वतः चालवा. चढ-उतारावर चालवा, ब्रेक मारून बघा. नंतर आठवड्याभराने कस्टमरला परत बोलवा, कारण नव्या चाकाच्या तारा थोड्या सैल पडतात. ही फेरी फुकट ठेवा. टोकावड्याच्या रस्त्यावर शाळेतली पोर उताराने येत असते, तिच्याखाली आपण भरलेलं चाक असतं. एवढं लक्षात राहिलं की हात आपोआप नीट चालतो.

आता हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या बाजारातले भाव घालून वहीत पुन्हा मांडा.

समजा हब २००, चाळीस तारा-निपल १६०, ग्रीस वगैरे २०. माल झाला ३८० रुपयांचा. त्यावर २० टक्के धरून ७६ रुपये सुटले. मजुरी २५०. कस्टमरला खर्च ७०६, तुम्हाला उरले ३२६. काम चार तासांत केलं तर तासाला साधारण ८१ रुपये. हात बसल्यावर दीड तासात केलं तर तासाला साधारण २१७.

आता तयार चाक. समजा ७८० ला आणलं, ९०० ला विकलं, बसवायचे ६०. तुम्हाला १८० उरले, आणि काम अर्ध्या तासाचं. म्हणजे तासाला ३६०!

मग कोणीही म्हणेल, हब कशाला भरत बसायचं, तयार चाकच विकू. थांबा. बीबीएच्या वर्गात एक प्रश्न शिकलो, तो दुकानात रोज उपयोगी पडतो: आपल्याकडे टंचाई कशाची आहे? किन्हवली, डोळखांब, धसई, सरळगावसारख्या ठिकाणी छोट्या दुकानदाराकडे दुपारचे रिकामे तास भरपूर असतात. टंचाई असते ती खेळत्या पैशाची.

तयार चाकं ठेवायची तर २०, २२, २४, २६, २८ अशा पाच साइझ, पुढचं-मागचं धरून दहा चाकं. सरासरी ७८० धरले तर ७,८०० रुपये भिंतीला टांगलेले, आणि २२ चं चाक कोण कधी घेणार माहीत नाही. हब मात्र साइझ बघत नाही. ३२, ३६ आणि ४० भोकांची मिळून सहा हब ठेवली तर १,२०० रुपये. जास्त चालणाऱ्या दोन मापांच्या तारा आणि कोन-छर्रे धरून साधारण २,५०० रुपयांत बहुतेक कामं घेता येतात. वर कस्टमरचे अडीचशे वाचतात, आणि जुन्या तारा चांगल्या निघाल्या तर आणखी १९२ वाचतात.

म्हणून माझा सल्ला असा. तिन्ही पर्याय कस्टमरपुढे ठेवा. कोन-छर्रे बदलून भागत असेल तर तेवढंच करा. हब गेलं असेल आणि रिम चांगली असेल तर हब भरा. रिमही गेली असेल किंवा कस्टमरला घाई असेल तर तयार चाक. भाव भिंतीवर लिहून ठेवा. ज्याला स्वस्त पर्याय आपणहून सांगितलात, तो शेजाऱ्याची सायकलही घेऊन येतो.

सीझन ओळखा

आपल्याकडे पाऊस धो धो पडतो. पाणी आणि चिखल हबमध्ये शिरतो, ग्रीस धुऊन जातं, छर्रे गंजतात. हब जाण्याचं आपल्या भागातलं हे मोठं कारण. म्हणजे वर्षातून दोनदा काम ठरलेलं: मे अखेर ते शाळा सुरू होईपर्यंत, आणि पाऊस संपल्यावर दिवाळीच्या आसपास. 'पावसाआधी हब ग्रीसिंग' असा एक फलक शाळेच्या रस्त्यावर लावा. दोन्ही हब उघडून, पुसून, ग्रीस भरून द्यायचा एकच ठरलेला दर ठेवा. यात मालाचा खर्च नगण्य आहे. आणि हे केलेल्या सायकलचं हब लवकर जात नाही, हेही खरंखुरं सांगा.

कर्जाचं विचाराल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, उद्यम नोंदणी फुकट होते. पण आधी दहा चाकं भरा. प्रत्येक चाकाला लागलेला वेळ, माल आणि परत आलेली तक्रार वहीत लिहा. त्या दहा ओळी बँकेत दाखवायलाही बऱ्या आणि स्वतःला कळायलाही.

या आठवड्याचा गृहपाठ

भंगारातलं पुढचं चाक आणा. खोला, भरा, आउट काढा. वेळ लावून करा. पुन्हा खोला, पुन्हा भरा. दोन्ही वेळा वहीत लिहा. आणि घराजवळ भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सायकली मोजा, त्या का थांबल्यात ते विचारा. तो आकडा तुमच्या गावातला बाजार आहे, कोणत्याही रिपोर्टमध्ये तो मिळणार नाही.

पुढच्या भागात फ्रायव्हील उघडून त्यातले कुत्रे बदलायचे. तोपर्यंत चाक भरा, हात काळे करा. भेटूया!